हवालदारांचं एकच खोटं

आमच्या रक्तपेढीच्या दारापुढे एक लांब बाकडं आहे आणि त्याच्यामागे भिंत. भिंतीवर डोक्याच्या उंचीला तेलकट डागांची एक रांग उमटली आहे. पिशवी हातात मिळेपर्यंत नातेवाईक तिथं डोकं टेकून बसतात, उभे राहतात. नंदुरबारला मी एकवीस वर्षं रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. इतक्या वर्षांत त्या भिंतीला कधीच न टेकलेला एकच माणूस मला आठवतो. हवालदार याकोब वसावे.

ते उभे राहायचे ते पावलं जराशी फाकवून, हात पाठीमागे बांधून. अर्धा तास असो की चार तास. आमचे शिपाई आप्पा कळवळून म्हणायचे, "साहेब, बठी जा ना. कितला येळ उभा ऱ्हाशात?"

"सवय आहे, आप्पा," ते म्हणायचे आणि तसेच उभे राहायचे.

गाव खांडबाऱ्याजवळचं. माणूस बुटका, काटक, कानाशी पांढरे झालेले बारीक कापलेले केस, इस्त्रीची पॅन्ट. पायदळात चोवीस वर्षं काढून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. घरात मावची ही आदिवासी बोली बोलायचे, माझ्याशी शाळेतली मराठी, आणि घाईत असले की फौजेतली हिंदी. आजोबांपासून घर ख्रिस्ती. निवृत्त होऊन आल्यावर गावच्या मंडळीनं त्यांना लगेच वडील नेमलं होतं. म्हणजे चर्चच्या कारभारात पाळकांच्या बरोबरीनं बसणारा माणूस.

त्यांच्या काही गोष्टी मला सुरुवातीला विचित्र वाटायच्या. मुलीला कोणी 'पेशंट' म्हटलेलं त्यांना चालत नसे. "रूथ म्हणा, ताई. रूथ याकोब." फ्रिजमधून काढलेली पिशवी हातात दिली की ती दोन्ही तळव्यांत धरून ते डोळे मिटत. ओठ हलत, आवाज नसे. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "दिलं कोणी ते तुम्ही सांगत नाही. ठीक आहे. पण कोणीतरी दिलंय ना. त्याच्यासाठी करतो." आणि कुठलीही वाईट बातमी सांगितली की त्यांचं एकच उत्तर ठरलेलं असायचं: "ठीक आहे. आता पुढचं काय करायचं?"

खोटं त्यांना बोलताच येत नव्हतं. एकदा त्यांच्याच चुलतभावाला रक्त द्यायला घेऊन आले होते. मी नेहमीचे प्रश्न विचारले. दारू घेतली होती का, या प्रश्नाला भाऊ ठामपणे "नाही" म्हणाला. त्याच्या मागे उभे असलेले हवालदार म्हणाले, "काल संध्याकाळी घेतली आहे, ताई. लिहून घ्या." भाऊ रागानं निघून गेला. त्या दिवशी रूथचं हिमोग्लोबिन साडेचार होतं आणि दुसरा दाता समोर नव्हता. तरी ते तसं बोलले. मी जे पुढं सांगणार आहे ते समजायला हे आधी सांगावं लागलं.

पहिल्यांदा ते आले तेव्हा निवृत्त होऊन महिनाही झाला नव्हता. रूथ तेव्हा दहावीत होती. लहानपणापासून तिचे हातपाय दुखत, डोळे पिवळे होत. बाप सीमेवर, आई एकटी. कोणी वात सांगितला, कोणी कावीळ. आईनं मालिश केली, गरम विटेनं शेक दिला, प्रार्थना केल्या. या वेळी मात्र दुखणं छातीत गेलं आणि बापानं तिला उचलून नंदुरबारला आणलं. डॉक्टरांनी सिकलसेलचं निदान करून रक्त मागवलं. आमच्याकडच्या डोंगरपट्ट्यात हा आजार घरोघर आहे, पण ज्याच्या घरी निघतो त्याला तो जगात पहिल्यांदाच झाल्यासारखा वाटतो.

हवालदारांनी बाही वर करून हात पुढं केला. "माझं घ्या. फौजेत दरवर्षी देत होतो." खिशातून त्यांनी रक्तदानाची प्रमाणपत्रं काढली. नीट घडी घातलेली होती.

अशा मुलांसाठी येणाऱ्या दात्याची आम्ही सिकलची चाचणी करतो. त्यांची केली. ते वाहक निघाले. आजार त्यांना नव्हता, पण त्याचा अर्धा भाग त्यांच्या रक्तात होता.

"तुमचं रक्त रूथला चालणार नाही," मी म्हटलं, आणि का ते समजावून सांगितलं.

त्यांनी बाही खाली केली. मनगटाचं बटण लावायला त्यांना बराच वेळ लागला. मग विचारलं, "म्हणजे हे माझ्यातून तिच्यात गेलं."

"एकट्या तुमच्यातून नाही. आईकडूनही तेवढंच येतं. दोघांकडून एकेक भाग आला तरच मुलाला आजार होतो."

तेवढ्यात त्यांच्या पत्नी, एस्तेरबाई, बाहेर येऊन थांबल्या होत्या. त्यांनाही रक्त द्यायचं होतं. मी त्यांचा नमुना घेतला. अंगात रक्त कमी होतं, म्हणून देता येणार नाही एवढं त्यांना सांगितलं. सिकलचा निकाल दुसऱ्या दिवशी हाती आला आणि तो घ्यायला हवालदार एकटेच आले. त्याही वाहक होत्या. त्यात नवल काही नव्हतं.

हवालदारांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाले, "ताई, हा तिला देऊ नका. तिला सांगा, तुमचं ठीक आहे. जे आहे ते माझ्याकडून आलंय."

मी म्हटलं, असं करता येत नाही.

तेव्हा ते पहिल्यांदा बाकावर बसले. "रूथच्या आधी आम्हाला दोन मुलं झाली," ते म्हणाले. "एक आठ महिन्यांचं गेलं, एक दीड वर्षाचं. दोन्ही वेळेला मी वर बर्फात होतो. एकदा रजा मिळाली, पण पोहोचलो तोवर चार दिवस झाले होते. तिनं एकटीनं पुरली दोघांना. गावात बायका म्हणाल्या, हिच्या माहेरचंच काहीतरी आहे, हिच्या पोटाला लेकरू टिकत नाही. माझी आईसुद्धा म्हणाली. ते ऐकत तिनं माझ्या घरात वर्षं काढली. आता ह्या कागदावर तेच लिहिलंय. मी तिला हा वाचायला देऊ?"

"तेच नाही लिहिलेलं. अर्धं लिहिलंय."

"तिला अर्धं दिसणार नाही, ताई."

मी तो कागद त्यांच्या हातात राहू दिला. एस्तेरबाईंना सांगितलं, तुमच्या अंगात रक्त कमी आहे, गोळ्या घ्या. एवढंच. हे माझ्या हातून झालं. मी हवालदारांना दोष देऊन मोकळी होत नाही.

घरी जाऊन त्यांनी बायकोला काय सांगितलं ते मला नंतर रूथकडून कळलं. त्यांनी सांगितलं की आजार बापाच्या रक्तातून येतो, आणि ती आधीची दोन्हीही त्यांच्यामुळंच गेली.

एस्तेरबाईंना आधी हलकं वाटलं असेल. मला तसं वाटायचं. पण ते हलकं वाटणं किती दिवस टिकलं कोण जाणे. पुढच्या खेपेला त्या आल्या तेव्हा नवऱ्यापासून चार हात लांब बसल्या होत्या. नवऱ्याशी त्यांचं बोलणं 'डबा कुठाय' आणि 'गाडी कितीची' एवढ्यावर आलं होतं. इतक्या वर्षांचा राग कुठं ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. आता त्याला जागा मिळाली.

दर दोन-तीन महिन्यांनी रूथला रक्त लागायचं. हवालदारांनी दाते गोळा करायला सुरुवात केली. खांडबाऱ्याच्या बाजारात उभे राहून त्यांनी माणसं जमवली. गावातले फौजी, एक मुसलमान शिंपी, सारंगखेड्याचा त्यांच्याच पलटणीतला एक पाटील, दोन मास्तर. कोणी कधी दिलं, पुन्हा कधी देऊ शकेल, हे त्यांना तोंडपाठ होतं. शिंपी एकदा मला म्हणाला, "ये आदमी दुकान पे आता है तो मैं खुद ही बाही चढा लेता हूँ."

टाळेबंदीत गाड्या बंद झाल्या, दुचाकीवर एकालाच परवानगी. तेव्हा हवालदार पहाटे सायकलवर निघाले आणि मोटरसायकल दात्याला दिली. दाता तासाभरात येऊन, रक्त देऊन, मोटरसायकलवरच परत गेला. हवालदार उन्हातून सायकल मारत दुपारी पोहोचले, कारण फॉर्मवर सही त्यांची लागायची. मी म्हटलं, सही नंतर चालली असती. ते म्हणाले, "ठीक आहे. आता पुढचं काय करायचं?" आणि पिशवी तळव्यांत धरून डोळे मिटले. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता, तरी पाय जुळवून उभे होते.

त्याच सुमारास मला कळलं की त्यांनी चर्चमधलं वडीलपण सोडलं. रूथनं सांगितलं. "बाबा आता प्रभुभोजनही घेत नाहीत, येशूच्या आठवणीची ती भाकर. उपासनेला येतात, मागच्या रांगेत बसतात. ताट आलं की पुढं सरकवून देतात. पाळकसाहेब घरी येऊन विचारून गेले. बाबा काही बोलले नाहीत. आई म्हणते, घेऊ नकाच, तुम्हाला तोंड कुठंय."

त्या दिवशी मी हवालदारांना बाजूला घेतलं. म्हटलं, एवढं टोचतंय तर सांगून टाका. मीही तुमच्याबरोबर येते.

"खोटं तोंडात धरून ती भाकर कशी घ्यायची, ताई," ते म्हणाले. "म्हणून घेत नाही. ते माझं आणि देवाचं आहे. तिथं मी उभा राहीन. पण तिला सांगायचं नाही."

"ती तुम्हाला काय काय बोलते."

"बोलू दे. स्वतःला बोलत होती त्यापेक्षा बरं."

रूथ बापासारखीच सडपातळ होती. डोळे मोठे आणि नेहमी पिवळसर. अकरावीला तिनं विज्ञान घेतलं, नर्स व्हायचं ठरवलं होतं. एका दुपारी रक्त चढत असताना मी तिच्याकडं गेले. आई चहा आणायला गेली होती, बाप औषधाच्या रांगेत. रूथ म्हणाली, "ताई, आईलाही असणार ना?"

मी नळीतले थेंब मोजू लागले.

"आमच्या पुस्तकात आहे. दोघांना असल्याशिवाय मुलाला असं होतच नाही." ती हळू बोलत होती, जोरात बोललं की तिच्या छातीत दुखायचं. "बाबांना सांगू नका मला कळलंय ते. त्यांना वाटेल, सगळं वाया गेलं."

"आणि आईला?"

"आईला मी कशी सांगू? ती मला रोज रात्री पाय चेपून देते."

मी उठून आले. त्या घरात आता दोन माणसं एकाच माणसापासून एकच गोष्ट लपवत होती, आणि ते तिसरं माणूस एकटं पडत चाललं होतं. मला हे दिसत होतं. मी काही केलं नाही.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना रूथ शेवटची आली. पुन्हा पुन्हा रक्त चढलं की काहींचं शरीर परक्या रक्ताशी भांडायला शिकतं. मग गट जुळला तरी रक्त जुळत नाही. आमच्याकडे तिच्या गटाच्या पाच पिशव्या होत्या. पाचही जुळल्या नाहीत. हवालदारांनी फोन लावले. दुपारपर्यंत अकरा माणसं आली. शिंपी आला, पाटील आला, तो रागावून गेलेला चुलतभाऊही आला. या वेळी त्यानं स्वतःहून सांगितलं, "महिना झाला, हात लावला नाही, ताई."

मी एकेक नमुना तपासत होते. काचेपलीकडे हवालदार उभे होते. मी दारात येऊन नकारार्थी मान हलवायची, ते पुढच्या माणसाच्या खांद्याला हात लावून त्याला आत पाठवायचे. अकरावा नमुना झाला. मी दारात गेले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी वाट बघत होते की ते म्हणतील, पुढचं काय. त्यांचा हात सवयीनं पुढच्या खांद्याकडं गेला, पण तिथं आता कोणी उरलं नव्हतं.

डॉक्टरांनी सुरतेला हलवायला सांगितलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सगळे व्हरांड्यात उभे होते. त्या अकरा माणसांसमोर एस्तेरबाई नवऱ्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तिसरंही खाल्लं तुमच्या रक्तानं."

हवालदार म्हणाले, "हो."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. माझ्या हातात रिकामी काचपट्टी होती, ती मी पुसत राहिले.

नवापूर ओलांडल्यावर, गुजरातची हद्द लागायच्या आधीच, रूथ गेली. ॲम्ब्युलन्स तिथूनच मागे फिरली. मला संध्याकाळी शिंप्याचा फोन आला. मातीला जायचं माझ्यानं झालं नाही.

पाच-सहा महिने गेले. एका सकाळी एस्तेरबाई एकट्या आल्या. वाळल्या होत्या. पदराच्या टोकात बांधलेलं एक पिवळं कार्ड त्यांनी सोडून टेबलावर ठेवलं. गावात तपासणीचं पथक आलं होतं. सगळ्यांबरोबर त्यांचंही रक्त घेतलं, आणि कार्डावर 'वाहक' लिहून आलं होतं.

"हे आताच झालं का मला?" त्यांनी विचारलं.

"नाही. जन्मापासून असतं."

"तुम्ही माझं रक्त घेतलं होतं. पहिल्या वेळेला."

"हो."

"मग तेव्हा दिसलं असेल."

मी सगळं सांगितलं. बाकावर बसून हवालदारांनी काय म्हटलं, कागद का मागितला, प्रभुभोजन का सोडलं, तेही. रूथला ठाऊक होतं, तेही सांगितलं. मला वाटलं होतं की ऐकून त्या रडतील, त्यांना नवऱ्याची कीव येईल. खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच मी इतकं भरभरून सांगत होते.

त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या दोघांनी मला बाहेर ठेवलं."

"तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून—"

"ताई, माझी तीन लेकरं गेली. दोन गेली तेव्हा हा घरी नव्हता. मी म्हणायची, एकदा हा नोकरी संपवून येईल, मग दोघं बसून रडू. आला, तर असं सांगून बसला की मला त्याच्याजवळ जाताच येईना. मी त्याला शिव्या देत राहिले आणि तो ऐकत राहिला. पोर जाताना मी त्याला काय बोलले, तुम्ही ऐकलंत." त्यांनी टेबलावरचं कार्ड उचललं. "ते आता मी कुठं नेऊ?"

कार्ड त्यांनी पुन्हा पदरात बांधलं. जाताना म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा, ताई," आणि दाराबाहेर पडल्या.

त्याच आठवड्यात त्या नवापूरकडच्या माहेरी निघून गेल्या. म्हातारी आई वारली होती, घर रिकामंच होतं. हवालदारांना त्यांनी एवढंच सांगितलं म्हणे, की मला सगळं कळलं आहे, मागं येऊ नका.

मी हवालदारांना पुन्हा भेटले ते मागच्या उन्हाळ्यात. खांडबाऱ्याला रक्तदान शिबिर होतं. काम आटोपून आम्ही सामान गाडीत भरत होतो, तेव्हा ते रस्त्याच्या कडेला, जीपगाड्या थांबतात तिथं, उभे दिसले. दाढी वाढली होती, शर्टाला इस्त्री नव्हती. मी जवळ गेले. सरळ म्हटलं, "मी सांगितलं त्यांना. मला माफ करा."

"बरं केलंत," ते म्हणाले. "मला जमलं नसतं." मग पुढं म्हणाले, "मी तिला वाचवतोय असं मला वाटत होतं. चोवीस वर्षं तेच शिकलो ना. पुढं उभं राहायचं, मागच्याला काही लागू द्यायचं नाही. पण ती मागं नव्हती, ताई. तिला बाजूला यायचं होतं."

"भेटता का त्यांना?"

"दर रविवारी जातो. ती दार लावून घेते. मी बाहेर पायरीवर बसतो. चर्चला तर आता जातच नाही, म्हणून तिथंच प्रार्थना करतो. रूथसाठी, त्या दोघांसाठी. ती आत भांडी आपटते, मला कळावं म्हणून. मग उठून येतो."

"बोलत काहीच नाहीत?"

ते रस्त्याकडं बघत होते. "गेल्या रविवारी भांड्यांचा आवाज आला नाही. मी प्रार्थना मनातल्या मनात करत होतो, नेहमीसारखी. तर आतून म्हणाली, मोठ्यानं म्हणा, ऐकू येत नाही."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. परेडवर मैदानाच्या त्या टोकापर्यंत माझा आवाज जायचा. तिथं बसून तीन नावं घ्यायची होती, तर घशातून एकही निघेना. तशीच दुपार गेली. ती दाराला लागून बसली होती, फटीतून पदर दिसत होता. पण मला जमलं नाही."

नवापूरकडची जीप आली. आत जागा नव्हती. ते मागच्या पायरीवर चढले आणि एका हातानं वरचा दांडा धरला. गाडी निघाली तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. धूळ आणि इंजिनाची घरघर, त्यात काही ऐकू येत नव्हतं, पण गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसल्या, म्हणजे ते मोठ्यानं काहीतरी म्हणून बघत होते. शेजारी लटकलेला माणूस वळून त्यांच्याकडं पाहायला लागला.

त्या दिवशी रविवार नव्हता. गुरुवार होता.